सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा दाखवताना या चुका टाळा

बडोद्यात गच्चीवर हवामान केंद्र उभारणारे हौशी लोक तापमापकाच्या पेटीचा महिनाभर विचार करतात. सूर्योदयाची वेळ मात्र कुठून तरी उचललेल्या चार ओळींच्या कोडवर सोपवतात.

सर्वांत त्रासदायक चूक म्हणजे अक्षांश-रेखांश न देणे. पीएचपी या वेबपाने बनवण्याच्या संगणकीय भाषेतील डेट-सनराइज या फंक्शनला ते दिले नाहीत, तर ते कोणतीही तक्रार न करता मूळ सेटिंगमधील ३१.७६६७ आणि ३५.२३३३ हे आकडे घेते, आणि ते स्थान जेरुसलेमचे आहे. दांडिया बाजारातील माझ्या एका स्नेह्यांच्या वेबपानावर मार्चमध्ये सूर्योदय सव्वानऊचा दिसू लागला. त्यांनी कारण न शोधता उत्तरातून अडीच तास वजा केले आणि वेळ जुळली. ती जुळणारच होती, कारण २१ मार्चच्या सुमारास सगळीकडे दिवस जवळपास सारखाच असतो. उरतो तो केवळ रेखांशातील ३८ अंशांचा फरक, म्हणजे दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने १५२ मिनिटे. जूनमध्ये जेरुसलेमचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे पाऊण तासाने मोठा असल्यामुळे, येथे ५.५४ला होणारा सूर्योदय त्यांच्या पानावर वीस मिनिटे आधीच उरकू लागला आणि सूर्यास्त तितकाच लांबला. तेव्हा त्यांनी मला विचारले की, जूनसाठी वेगळी वजाबाकी लिहावी का! ही असली ठिगळे मला मुळीच मान्य नाहीत. आम्ही वजाबाकी पुसली, २२.३ आणि ७३.२ हे बडोद्याचे आकडे घातले आणि डेट-सन-इन्फो वापरले, जे अक्षांश-रेखांशाशिवाय चालतच नाही. जुने फंक्शन तसेही आवृत्ती ८.१पासून कालबाह्य ठरवलेले आहे. मी स्वतः मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या चारही महिन्यांची २१ तारीख तपासल्याशिवाय कोणतेही पान चालू करत नाही. एका दिवसाची वेळ जुळली म्हणून समाधान मानणाऱ्या उतावळ्यांना हे फार वाटते.

जागतिक प्रमाणवेळेपासून (यूटीसी) आपल्या वेळेचा फरक ५ नव्हे, ५.५ तास लिहावा. रेखांशाच्या सहाव्या दशांश स्थळावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्याचे अधिक-उणे चिन्ह मात्र पाहावे, कारण काही जुन्या सूत्रांत पश्चिम रेखांश धन धरलेले असतात.

पंचांगाशी वेळ जुळत नाही, ही तक्रार वारंवार येते आणि ती बहुधा चूक नसते. संगणकीय सूत्रात सूर्यबिंबाची वरची कड दिसते तो क्षण धरतात आणि त्यात वातावरणातील वक्रीभवनही मोजतात. काही पंचांगे बिंबाचा मध्य क्षितिजावर येण्याची गणिती वेळ देतात, जी तीन-चार मिनिटांनी उशिराची असते. शिवाय पंचांग मुंबईचे असेल, तर जूनमध्ये तेथील सूर्योदय आपल्यापेक्षा सात-आठ मिनिटांनी उशिरा होतो. म्हणून कोडमध्ये मिनिटे मिळवू नयेत; आपण कोणती व्याख्या धरली आहे, ते वेळेखाली एका ओळीत लिहावे.

प्रकाशमापकाच्या नोंदीवरून सूर्योदय ठरवू नये. श्रावणातील ढग आणि शेजारची इमारत त्याला सहज फसवतात. आणि पान कॅशमध्ये, म्हणजे एकदा तयार करून तात्पुरत्या साठ्यात, ठेवत असाल, तर ते मध्यरात्रीनंतर नव्याने तयार होते की नाही, तेवढे पाहावे.