जुलाब थांबले तरी गोळी थांबवू नये : लहान मुलांना झिंक कसे द्यावे

कोकणात मृगाचा पाऊस लागला की विहिरींचे पाणी गढूळते, कारण सच्छिद्र जांभ्यातून वरची घाण चटकन खाली झिरपते, आणि त्याच सुमारास घराघरांत लहान मुलांना जुलाब सुरू होतात. अशा वेळी आशाताई ओआरएसच्या, म्हणजेच जलसंजीवनीच्या, पुड्यांबरोबर झिंकच्या १४ गोळ्या देतात. पुड्या वापरल्या जातात. गोळ्या मात्र तिसऱ्या दिवशी मूल खेळू लागले की फडताळात जातात. चूक नेमकी तिथे होते.

जुलाबांवाटे शरीरातले झिंक, म्हणजेच जस्त, वाहून जाते. ते भरून निघाले तर आतड्याचे अस्तर लवकर सावरते, जुलाबांचे दिवस व जोर कमी होतो आणि पुढचे दोन-तीन महिने ते पुन्हा लागण्याचा धोकाही घटतो. हा पुढचा लाभ हवा असेल तर गोळ्या ठरलेले सगळे दिवस द्याव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ साली १० ते १४ दिवसांची शिफारस केली. आपल्याकडे १४ दिवस देतात.

मात्र आधी पाणी, मग गोळी. झिंक हा ओआरएसला पर्याय नाही. एक लिटरची पुडी असल्यास ती पूर्ण पुडी उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यातच विरघळवावी; अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकू नये. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर द्रावण चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. २४ तासांनंतर उरलेले द्रावण ओतून द्यावे.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसातून एकदा २० मिलिग्रॅमची एक गोळी, तर दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी द्यावी. दोन महिन्यांहून लहान बाळाला जुलाब झाल्यास घरी उपचार न करता थेट डॉक्टरांकडे न्यावे. गोळी कुटण्याची गरज नसते. स्वच्छ चमच्यात ती ठेवून वरून थोडे उकळून गार केलेले पाणी घालावे, तान्ह्या बाळासाठी आईचे दूध घ्यावे. मिनिटभरात ती फुगून आपोआप विरते. चमच्याच्या तळाशी राहिलेला पांढरा साका पुन्हा थोडे पाणी घालून पाजावा, नाहीतर औषध चमच्यातच राहते. गोळी दिल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर तेवढाच डोस पुन्हा द्यावा. मुलाला लोहाचे औषध चालू असल्यास ते वेगळ्या वेळी द्यावे. रोजची वेळ ठरवून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण केली, तर आजीने दिली की आईने, हा घोळ होत नाही.

जुलाबात मुलाला उपाशी ठेवण्याची जुनी समजूत सोडून द्यावी. अंगावरचे दूध चालू ठेवावे. वरचे खाणाऱ्या मुलाला मीठ घातलेली मऊ पेज उत्तम. शहाळ्याचे पाणी अधूनमधून द्यायला हरकत नाही, पण त्यात सोडियम फारच कमी असल्याने ते ओआरएसची जागा घेऊ शकत नाही, हे नारळीच्या मुलखात जरा ठासूनच सांगावे लागते. जुलाब ‘बांधणारी’ गोळी किंवा उरलेले अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये.

शौचात रक्त दिसले, मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसू लागली, लघवी कमी झाली, किंवा मूल काहीच पीत नसेल वा प्यायलेले सगळे उलटत असेल, तर सकाळच्या एस.टी.ची वाट न पाहता मिळेल त्या वाहनाने आरोग्य केंद्र गाठावे. मूल गिळू शकत असेल तर वाटेत ओआरएस पाजत राहावे, आणि गोळ्यांची पट्टी बरोबर घ्यावी, म्हणजे किती डोस झाले ते डॉक्टरांना रिकाम्या खाचांवरूनच कळते.