दूरशिक्षणातून तंत्रज्ञान कायदा: सुरुवात करणाऱ्यांसाठी

नोकरी सांभाळून मी दूरशिक्षणाने तंत्रज्ञान कायद्यातलं एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) केलं. प्रवेश घेऊ पाहणारे बरेच जण विचारतात, आधी कोणतं पुस्तक वाचू? माझं सांगणं असं, की पुस्तकाआधी ब्राउझर उघडा. या विषयातले बहुतेक वाद शेवटी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात: ही यंत्रणा नेमकं करते काय? ते ज्याला नीट सांगता येतं, त्याला कलमं लवकर उमजतात, मग तो कायद्याचा पदवीधर असो वा संगणकाचा.

एक उदाहरण घ्या. १ ऑक्टोबर २०१९ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने 'प्लॅनेट४९' खटल्याचा निकाल दिला. ऑनलाइन सोडतीत नाव नोंदवताना कुकीजच्या (संकेतस्थळं आपल्या ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदींच्या) संमतीचा चौकोन आधीच टिक केलेला होता. अशी संमती ग्राह्य नाही, संमती कृतीतून दिसली पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. एवढं सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण त्याच निकालात, कुकी किती काळ टिकते आणि तिसऱ्या कुणाला ती वाचता येते का, हेही वापरकर्त्याला सांगायला हवं असं म्हटलं आहे. हा भाग नुसता वाचला तर कोरडा वाटतो. म्हणून कुठलंही संकेतस्थळ उघडा, संगणकावर एफ१२ दाबा आणि उघडणाऱ्या डेव्हलपर टूल्समध्ये 'Application' किंवा 'Storage' या भागात कुकीजची यादी बघा. प्रत्येक ओळीत कुकीचं नाव, ती कोणत्या डोमेनची, म्हणजे कोणत्या संकेतस्थळाच्या पत्त्याची, आणि तिची मुदत कधी संपते ते लिहिलेलं असतं. काही डोमेन तुम्ही उघडलेल्या संकेतस्थळाची नसतातच! त्या दोन रकान्यांवर बोट ठेवून निकाल पुन्हा वाचा. न्यायालय कशाबद्दल बोलतंय ते डोळ्यांसमोर येतं, आणि परीक्षेत ते आपल्या शब्दांत लिहिता येतं.

त्याच न्यायालयाचा २०१६चा 'ब्रेयर' निकालही असाच वाचावा. दर वेळी बदलणारा आयपी पत्ता (इंटरनेटला जोडलेल्या उपकरणाचा क्रमांक) ही वैयक्तिक माहिती आहे का, हा प्रश्न होता. संकेतस्थळ चालवणाऱ्याकडे फक्त पत्ता असतो, नाव असतं इंटरनेट पुरवणाऱ्याकडे. ते नाव मिळवण्याचा कायदेशीर मार्ग उपलब्ध असेल, तर पत्ताही वैयक्तिक माहितीत मोडतो, असं उत्तर आलं. कोणती नोंद कुणाच्या सर्व्हरवर राहते याचं साधं रेखाचित्र काढल्याशिवाय या निकालावर टिपण लिहू नका. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राबद्दल जे सांगितलं, तेही मूळ उपकरण आणि त्यातून काढलेली प्रत यांतल्या फरकावर उभं आहे: मूळ उपकरणच हजर केलं तर प्रमाणपत्र लागत नाही, प्रत दिली तर लागतं. वर्गात बसून ऐकताना हे स्वतःच्या हाताने करून बघणं जमत नाही. घरी संगणकासमोर बसून शिकणाऱ्याला ते जमतं, आणि दूरशिक्षणाची ही बाजू मला फार मोलाची वाटते.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. पदवीला तुमच्या देशात मान्यता आहे का, वकिलीसाठी किंवा अध्यापनासाठी ती चालते का, हे पैसे भरण्याआधी त्या त्या नियामक संस्थेकडूनच विचारून घ्या. विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. लंडन विद्यापीठासारख्या ठिकाणी प्रमाणपत्र, मग पदविका, मग एलएलएम असं टप्प्याटप्प्याने जाता येतं. नोकरीची शाश्वती नसेल किंवा घरात लहान मूल असेल, तर मी हीच वाट सुचवेन.

अभ्यासक्रमाच्या छापील टिपणांवर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नका, कारण हा विषय शिकता शिकता बदलतो. युरोपचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा १ ऑगस्ट २०२४ला अमलात आला, पण त्यातल्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात. मनाई असलेल्या वापरांची कलमं २ फेब्रुवारी २०२५पासून लागू झाली. त्यामुळे उत्तरात कायद्याचं नुसतं नाव लिहून भागत नाही, कोणतं कलम कोणत्या तारखेपासून लागू ते लिहावं लागतं. युरोपच्या कायद्यांचा मूळ मजकूर युरलेक्स (EUR-Lex), ब्रिटनचे निकाल बेली (BAILII) आणि भारतातले इंडियन कानून (Indian Kanoon) या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. सारांश वाचून निबंध लिहिणाऱ्याचं लिखाण परीक्षकाला पहिल्याच पानावर कळतं.

एकटेपणाचं काय, असंही विचारतात. मोठ्या गटापेक्षा एक जोडीदार शोधा, शक्यतो वेगळ्या पार्श्वभूमीचा. माझी जोडीदार प्रोग्रामर होती. ती मला सर्व्हरच्या नोंदी कशा वाचायच्या ते समजावायची आणि मी तिला निकालातला निर्णायक भाग बाजूच्या शेऱ्यांपासून वेगळा करायला शिकवायचे. एकमेकींचे निबंध सादर करण्याआधी वाचायचो, आणि 'इथे यंत्र काय करतं ते लिहिलंच नाहीस' हा शेरा दोघींच्याही वहीत सारखा असायचा.

प्रबंधाचा विषय निवडताना 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि खासगीपणा' असलं अवाढव्य काही घेऊ नका. एक कलम, एक तंत्र आणि फार तर दोन देश पुरेत. पुढे गोपनीयता, अनुपालन (कंपनी नियम पाळते की नाही ते बघणं) किंवा सॉफ्टवेअर करारांच्या कामासाठी मुलाखत देताना तोच प्रबंध समोर ठेवावा लागतो, आणि त्यावर अर्धा तास न अडखळता बोलता आलं पाहिजे.