मेकॅनिकलमधून रोबोटिक्सकडे, तेही घरून: या चुका टाळा

भांडुपच्या वन बीएचकेतून रोबोटचं काम करतो म्हटलं की पाहुणे आधी घरात रोबोट शोधतात. तो असतो गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये, माझ्याकडे स्क्रीनवरचा त्याचा जुळा. मेकॅनिकल झालेली पोरं याच वाटेबद्दल विचारत असतात आणि अडतातही त्याच त्या जागी.

मेकॅनिकल लपवणं

रेझ्युमेत पायथन, मशीन लर्निंग, पुन्हा पायथन; मशीन डिझाइन कुठेच नाही. म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांशी त्यांच्याच मैदानात कुस्ती. खरं तर टीमला हवा असतो तो कोड वाचता येणारा मेकॅनिकलवाला. १० किलो पेलोडचा, म्हणजे १० किलो वजन पेलणारा रोबोट १० किलोचा पार्ट उचलेलच असं नाही, कारण ग्रिपरचं, म्हणजे पार्ट पकडणाऱ्या पंजाचं वजनही त्यातच धरायचं असतं. शिवाय या सगळ्या वजनाचा गुरुत्वमध्य फ्लँजपासून (रोबोटच्या टोकाला ग्रिपर बसतो ती चकती) जितका लांब, तितकी क्षमता घटते. जास्त जड किंवा लांब ग्रिपर खरेदीआधीच अडवणारा माणूस टीमला हवाच असतो, मग तो कुठेही बसलेला असो.

रोबोट हवेत उडतो

गझिबोमध्ये, म्हणजे रोबोटच्या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल टाकलं आणि रोबोटचा हात थरथरत कुठेतरी फेकला गेला. पोरं कंट्रोलरचे गेन (तो किती जोरात प्रतिसाद देतो ते आकडे) बदलत बसतात. आधी युनिट बघा. कॅडमधली एसटीएल फाइल (पार्टचा थ्रीडी आकार) बहुधा मिलिमीटरमध्ये असते आणि युआरडीएफ, म्हणजे रोबोटचं वर्णन लिहायची फाइल, मीटरमध्ये चालते. स्केल ०.००१ दिला नाही तर रोबोट हजारपट मोठा दिसतो. ही चूक निदान डोळ्यांना दिसते.

इनर्शियाची, म्हणजे वस्तू फिरवायला किती जड जाते त्या आकड्याची चूक दिसत नाही. सॉलिडवर्क्स हे कॅड सॉफ्टवेअर ग्रॅम-मिलिमीटरवर ठेवलं की इनर्शिया ग्रॅम-मिमी वर्गात येतो. युआरडीएफला लागतो किलोग्रॅम-मीटर वर्ग. फरक १०० कोटी पटीचा! २ किलोची, ३०० मिमी लांबीची सरळ दांडी घ्या. मध्यातून, लांबीला काटकोनातल्या अक्षाभोवती तिचा इनर्शिया ०.०१५ किलोग्रॅम-मीटर वर्ग भरतो. कॅडमध्ये तोच आकडा दीड कोटी दिसतो. मी एका इंटरव्ह्यूच्या असाइनमेंटमध्ये तो दीड कोटी जसाच्या तसा चिकटवला होता. समोरच्याने शांतपणे विचारलं, "हा हात कशाचा बनवलाय?" ती नोकरी अर्थातच गेली. तेव्हापासून प्रत्येक लिंकचा (दोन सांध्यांमधल्या भागाचा) आकडा आधी कागदावर, दांडी किंवा ठोकळा धरून काढतो. इनर्शिया गुरुत्वमध्याभोवतीचा घेतलाय ना, हेही तपासा. कॅड दोन-तीन तक्ते देतं आणि घाईत भलताच उचलला जातो.

जुने व्हिडिओ

पाच वर्षांपूर्वीच्या व्हिडिओतली कमांड चालत नाही म्हणून दोन रात्री जागू नका. रॉस म्हणजे रोबोटचे प्रोग्रॅम ज्यावर चालतात ते सॉफ्टवेअर. रॉस १ चं शेवटचं व्हर्जन नोएटिक आणि जुनं गझिबो, म्हणजे गझिबो क्लासिक, दोन्हींचा सपोर्ट २०२५ मध्ये संपला. आता रॉस २ घ्या: त्याचं हंबल व्हर्जन असेल तर उबंटू लिनक्स २२.०४, जॅझी असेल तर २४.०४. ही जोडी जुळत नसेल तर इन्स्टॉलेशनलाच रडाल. पॅकेज सापडत नाही असं आलं, तर त्या टर्मिनलमध्ये सेटअप फाइल सोर्स केली का ते आधी बघा.

एनव्हिडियाच्या आयझॅक सिम या सिम्युलेटरला आरटीएक्स ग्राफिक्स कार्ड लागतं, पण म्हणून सुरुवातीलाच हप्त्यावर लॅपटॉप घेऊ नका. शिकण्यापुरतं गझिबो साध्या मशिनवरही चालतं.

पहिल्याच दिवसापासून घरून

इथे मी जरा कडक बोलतो. सिम्युलेशन, ऑफलाइन प्रोग्रॅमिंग (रोबोटला हात न लावता कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिणं), ग्रिपर डिझाइन हे घरून होतं. कमिशनिंग, म्हणजे शेडमध्ये रोबोट बसवून चालू करणं, होत नाही. ज्याने रबाळे किंवा चाकणच्या शेडमध्ये टीच पेंडंट (रोबोट चालवायचा हातातला रिमोट) धरून एखादा फिक्स्चर (पार्ट घट्ट धरणारा साचा) तीन मिमी सरकलेला पकडलेला नाही, त्याचा ऑफलाइन प्रोग्रॅम प्रत्यक्ष सेलवर (शेडमधल्या रोबोटच्या जागेवर) आपटण्याची शक्यता जास्त. एक-दोन वर्षं शेडमध्ये काढा. लोकलचे धक्के आणि एक्स्प्रेसवेचा ट्रॅफिक नकोसा होतो, मान्य.

परदेशातल्या टीमबरोबर घरून काम करायचं असेल तर वेळेचा हिशेबही आधीच करा. जर्मनीतले सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात दीड. कॅलिफोर्नियातले ९ म्हणजे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा, आणि हॉलमध्ये आईची मालिका चालू.

फक्त सर्टिफिकेटं

कोर्स करा, पण शेडमध्ये शिरकाव मिळेपर्यंत हात रिकामे ठेवू नका. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून दोन सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटर) आणा, ॲल्युमिनियमच्या पट्टीचा दोन सांध्यांचा हात बनवा आणि तोच गझिबोमध्ये उभा करा. दोघांना एकच कमांड द्या. टोक किती मिमी चुकलं ते स्केलने मोजा. त्यात गिअरच्या बॅकलॅशमुळे (दात्यांमधल्या ढिलाईमुळे) किती आणि पट्टी वाकल्यामुळे किती, ते वेगळं काढा. रेझ्युमेत सर्वांत वर तो आकडा टाका.