जपानी बालकवितांचं जुनं रीप्रिंट घेताय? आधी मागचं पान बघा

रानडे इन्स्टिट्यूटला नाहीतर टिळक विद्यापीठात जपानी शिकणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी विचारतंच, की जुनी बालकवितांची पुस्तकं घ्यायची तर ओरिजिनल घेऊ की रीप्रिंट, आणि ओळखायचं कसं. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. उदाहरणाला कवी किताहारा हाकुश्यूंचं 'तोम्बो नो मेदामा' घेऊ, म्हणजे चतुर या किड्याचे डोळे.

बॅकग्राउंड थोडक्यात. १९१८ मध्ये सुझुकी मिएकिचींनी 'आकाई तोरी' नावाचं मुलांचं मासिक काढलं, शाळेतल्या उपदेशाच्या गाण्यांना कंटाळलेले मोठे मोठे कवी त्यात मुलांसाठी लिहायला लागले, त्या कवितांना दोयो म्हणतात. हाकुश्यूंचा हा संग्रह १९१९ चा, आर्स प्रकाशनाचा, ते त्यांच्या भावाचंच. यातला खेकडा न्हावी घाईघाईत सशाचा कानच छाटतो, उपदेश बिपदेश काही नाही! १९७० च्या दशकात होरुपु शुप्पानने अशा जुन्या बालपुस्तकांची हुबेहूब रीप्रिंट्स काढली, आपल्या बजेटमध्ये बसतात ती हीच. माझं स्पष्ट मत, पहिल्या आवृत्तीच्या मागे लागू नका, चांगलं रीप्रिंट घ्या, फक्त रीप्रिंटच्या भावात घ्या.

आता मुख्य गोष्ट, ओकुझुके. जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं, त्यामुळे प्रकाशनाची माहिती असलेलं हे पान शेवटी, म्हणजे आपल्या सवयीने पुढचं कव्हर उघडलं की लगेच सापडतं. घोळ असा, की हुबेहूब रीप्रिंटमध्ये मूळचं ओकुझुकेही जसंच्या तसं छापतात, त्यावर ताइशो ८ असं साल दिसतं (ताइशो आणि त्यानंतरचा शोवा हे जपानी सम्राटांचे कालखंड, सालं त्यावरून मोजतात) आणि माणूस खूश होतो. थांबा, अजून पानं उलटा, आतल्या-बाहेरच्या कव्हरजवळ आणि खोक्यावर रीप्रिंटची वेगळी माहिती आहे का बघा. तिथे शोवा लिहिलं असेल तर विषय संपला. हिशोब सोपा आहे, ताइशोच्या आकड्यात १९११ मिळवायचे, शोवाच्या आकड्यात १९२५. म्हणजे ताइशो ८ म्हणजे १९१९ आणि शोवा ४६ म्हणजे १९७१. आकडे बहुतेक वेळा कांजीत, म्हणजे चिनी अक्षरांत असतात, पण एक, दोन, तीन म्हणजे तेवढ्याच आडव्या रेघा, बाकीचे अर्ध्या तासात पाठ होतात.

फोटो बघून घेणार असाल तर विक्रेत्याकडे कव्हरबरोबर शेवटच्या चार-पाच पानांचे फोटो मागाच, आणि खोक्याचेही. वर्णनात फुक्कोकु शब्द दिसला की ते रीप्रिंट. पुस्तक हातात असेल तर पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवा, खिळ्यांच्या छपाईचा दाब कधीकधी जाणवतो, ऑफसेट सपाट लागतं. पण फक्त यावर पैसे लावू नका. पिवळ्या कागदावर तर अजिबात नको, आपल्याकडे वीस वर्षांचं पुस्तकही पिवळं पडतं.

वाचताना जपानीच्या परीक्षेतल्या एन-४ पातळीवाले हमखास अडकतात, कारण स्पेलिंग १९४६ च्या सुधारणेआधीचं आहे. फुलपाखरू आपण चोचो म्हणून शिकतो, काना या जपानी लिपीच्या जुन्या स्पेलिंगमध्ये ते तेफुतेफु असं लिहायचे, फोनचं ट्रान्सलेट ॲप तिथे काहीही बरळतं. त्यापेक्षा आओझोरा बुन्को साइटवर हाकुश्यूंच्या बऱ्याच कविता फुकट आहेत, तिथे तीच कविता मिळाली तर शेजारी उघडून ठेवा. आणि मोठ्याने वाचा, बोटांवर मात्रा मोजत, बऱ्याच ठिकाणी ७-५ चा ठेका सापडतो आणि कुठे तोडायचं ते आपोआप कळतं.

पुण्याचा पावसाळा मात्र या पुस्तकांचा खरा शत्रू आहे. जूनच्या आधी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पुस्तक भिंतीला चिकटून नको, डांबरगोळ्या कागदाला टेकू देऊ नका, आणि अधूनमधून पंख्याखाली पानं उलटून कसर लागलीये का बघा. प्लास्टिकचं घट्ट कव्हर घालू नका, आत दमट राहतं. फाटलं तर सेलोटेप तर चुकूनही नाही! नुसता साधा कागद गुंडाळून ठेवा.

आणि क्लासच्या ग्रुपवर स्कॅन टाकणाऱ्यांसाठी, हाकुश्यू १९४२ मध्ये गेले, त्यांच्या कविता कॉपीराइटमधून सुटल्यात, खुशाल टाइप करून शेअर करा. चित्रांचं तसं नाही. चित्रकारांपैकी हात्सुयामा शिगेरु १९७३ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची चित्रं अजून मोकळी नाहीत, ती पुस्तकातच बघा.