कलालीचा इतिहास लिहायचा असेल तर

जुन्या कलालीचा, म्हणजे दारूच्या दुकानाचा, इतिहास लिहायला बसाल तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर तीन रकाने आखा. जागा कोणाची, ठेका कोणाचा, आणि गल्ल्यावर कोण बसायचं. ही तीन माणसं बहुतेक वेळा वेगवेगळी निघतात. मोहल्ल्यात कलाली ज्याच्या नावाने ओळखली जाते तो तिसऱ्या रकान्यातला, आणि सरकारी दप्तरात सहज सापडतात ते पहिले दोघे. त्यांची सरमिसळ झाली की पुढचं सगळं लिखाण वाकडं जातं.

हे काम आता करायला हवं. 1 एप्रिल 2023 पासून मध्य प्रदेशात दारूच्या दुकानांना लागून असलेले अहाते, म्हणजे बसून प्यायच्या जागा, बंद झाले. एप्रिल 2025 पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर अशा धर्मक्षेत्रांतली दुकानंही उठली. या निर्णयांबद्दल माझी तक्रार नाही. दारूने मोडलेली घरं मी इंदूरच्या मिलच्या वस्तीत लहानपणापासून पाहिली आहेत. पण बाकडी उचलली गेली, भिंती पाडल्या गेल्या, तिथली माणसं पांगली, आणि शंभर वर्षं शहराच्या संध्याकाळी जिथे गेल्या त्या जागेची कुठे चार ओळींची नोंद नाही, हे मला सहन होत नाही. माझे वडील मिलमध्ये कारकून होते आणि संध्याकाळी एका कलालीत ठेकेदाराचा हिशेब लिहायचे. घरी त्याला ‘जादा काम’ म्हणत, त्याहून जास्त कोणी बोलत नसे. त्या कलालीच्या कुठल्याही कागदावर त्यांचं नाव नाही. तिसऱ्या रकान्याचा माझा आग्रह त्यातूनच आला आहे.

सुरुवात हद्दीपासून करा. 1818च्या मंदसौर तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झालं, पण त्याच शहराला लागून इंग्रजांची रेसिडेन्सी होती आणि तिच्या हद्दीत दरबारचा कायदा चालत नव्हता. महूची छावणी आणखी वेगळी. तुमची कलाली शहरात होती, रेसिडेन्सीच्या बाजारात होती की महूला, यावर कागद कुठे शोधायचे ते ठरतं. शहरातली असेल तर होळकर दरबारची दप्तरं, रेसिडेन्सीची असेल तर सेंट्रल इंडिया एजन्सीचे कागद. ते दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतात. शोधताना फक्त ‘लिकर’ टाकून थांबू नका. आबकारी, डिस्टिलरी, कलाल, महुआ, कंट्रॅक्टर अशी सगळी इंग्रजी स्पेलिंगं उलटसुलट करून पाहा.

होळकरी काळासाठी दोन गॅझेटिअर आधी वाचा, लुआर्डचं 1908 सालचं आणि धारीवालांचं 1931 सालचं. त्यातला आबकारीचा भाग वाचल्याशिवाय ठेक्याचे कागद उलगडत नाहीत. जुन्या पद्धतीत कलाल स्वतः मोहाची भट्टी लावायचा आणि स्वतःच विकायचा. पुढे गाळण्याचं काम डिस्टिलरीकडे गेलं आणि कलालाच्या हातात फक्त विक्री उरली. म्हणजे आजोबा आणि नातू एकाच ओट्यावर बसले तरी त्यांचा धंदा एक नव्हता. आजोबांना मोहाची फुलं किती दिवस भिजवायची ते कळत होतं, नातवाला सील तपासायला कळत होतं. लिहिताना हा फरक पुसू नका. दरबारच्या जाहिराती आणि लिलावाच्या सूचनांसाठी ‘होळकर सरकार गॅझेट’चे अंक चाळा. दरबारचे जुने कागद बरेचसे मोडीत आहेत. स्वतः मोडी शिकलात तर उत्तमच, नाहीतर जाणकाराला बरोबर घ्या, पण कागदाचा फोटो स्वतःजवळ ठेवा. नावं वाचताना दोन वाचकांची दोन मतं पडतात.

28 मे 1948 ला मध्य भारत हे राज्य झालं आणि 1956 ला मध्य प्रदेश. लोक सरळ भोपाळला धावतात. अभिलेखागारासाठी ते ठीक आहे, पण आबकारी आयुक्तांचं कार्यालय आजही ग्वाल्हेरला, मोतीमहलात आहे. जिल्ह्याचे कागद इंदूरच्या सहायक आबकारी आयुक्तांकडे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात ‘इतिहास द्या’ असं लिहाल तर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच येईल. दुकानाचं नाव, वॉर्ड, वर्षं लिहा, अनुज्ञप्तीची, म्हणजे परवान्याची, नोंदवही मागा, आणि शेवटी नोंदवही समक्ष पाहू द्यावी असं वाक्य जरूर घाला. कायद्याने तो हक्क आहे, आणि समोर वही उघडली की जे विचारायचं सुचलं नव्हतं तेही दिसतं.

ठेक्याचं वर्ष एप्रिल ते मार्च. त्यामुळे ‘1968चा ठेकेदार’ असं लिहू नका, 1968-69 लिहा. नावं भराभर बदलताना दिसतील, पण त्याचा अर्थ दरवर्षी नवा माणूस आला असा नाही. भाऊ, मेहुणा, भागीदार यांच्या नावाने बोली लागायची आणि गल्ल्यावर तोच जुना माणूस बसायचा. आबकारीत विक्रेत्याच्या नावाचा नोकरनामा असतो. तो कोणाच्या पेटीत सापडला तर देवाची कृपा समजा, कारण तिसऱ्या रकान्याला पुरावा देणारा कागद हाच.

जागेचं काम त्यामानाने सरळ आहे: नगर निगमच्या संपत्तिकराची नोंद, पंजीयन कार्यालयातल्या रजिस्ट्रीची नक्कल, नजूलची, म्हणजे सरकारी, जमीन असेल तर नजूलचा कागद. होळकर दरबारसाठी पॅट्रिक गेडीस यांनी 1918 साली शहररचनेचा अहवाल लिहिला, त्यातले नकाशे पाहून गल्ली तेव्हा होती का एवढं तपासून घ्या.

आता माणसं. मी पिणाऱ्यांकडे आधी जात नाही. ते आठवणी सांगतात त्या स्वतःच्या. आधी कलालीबाहेर शेंगदाणे, सेव, उकडलेले चणे विकणाऱ्यांना शोधा. ते रोज तिथे होते, शुद्धीत होते, आणि कोण किती वाजता आलं हे त्यांच्या विक्रीशी बांधलेलं होतं. त्यानंतर गल्ल्यावरच्या माणसाच्या घरच्या बायका. त्यांच्याकडे गेल्यावर दारूचा विषय काढू नका. ओटा धुऊन पहिलं गिऱ्हाईक कधी यायचं, डबा कोण पोचवायचं, किल्ल्या कुठे टांगायच्या, गल्ला घरी मोजायचे की दुकानात, एवढंच विचारा. मालव्यातल्या घरात समोरच्या बाईला ‘भाभी’ किंवा ‘माँसाब’ म्हटलं की निम्मा संकोच जातो. दुसऱ्यांदा जाल तेव्हा वही पिशवीतच ठेवा, चहा होऊ द्या.

एका जुन्या विक्रेत्याच्या मुलीने मला जे सांगितलं ते कुठल्याच दप्तरात मिळालं नसतं. पगाराच्या दिवशी काही कामगार दुकानात शिरताना अर्धा पगार तिच्या वडिलांच्या हातात देत आणि सांगत, रात्री मागितला तरी देऊ नका. वडील पैसे कागदात गुंडाळून गल्ल्याच्या मागच्या कोनाड्यात, गणपतीच्या तसबिरीखाली ठेवत. सकाळी त्या कामगाराची बायको मागच्या दाराशी येई आणि पुडी घेऊन जाई. पुडीवर नाव नसे, गाठ मारलेला रंगीत दोरा असे, ज्याचा त्याचा रंग ठरलेला. ‘बाऊजी घर में कभी बोतल नहीं लाए,’ ती म्हणाली, ‘दोरे के रील लाते थे.’ दारू विकणारा माणूस दारूपासूनच एका घराचं धान्य वाचवत होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला पुन्हा विकतही होता. दोन्ही गोष्टी तशाच, शेजारी शेजारी लिहा. एकीने दुसरी झाकू नका.

साल विचारून कोणाला आठवत नाही. राजवाडा जळाला, 1984 साली, त्याच्या आधी की नंतर? आणीबाणी लागली होती का? हुकुमचंद मिल चालू होती का, की डिसेंबर 1991 ला बंद पडल्यानंतरची गोष्ट आहे? अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघायच्या त्या रात्री दुकान उघडं असायचं का? अशा खुंट्यांवर आठवणी नीट लटकतात. एकाच गोष्टीला दोन माणसांकडून दोन खुंट्या मिळाल्या तर साल लिहा, नाहीतर ‘मिल बंद होण्याआधी’ असंच लिहा.

चोपड्यांच्या तारखांना फार जपायला हवं. शकात 78 मिळवले की वर्षाच्या बऱ्याच भागात इसवी सन मिळतो. विक्रम संवताचं मात्र विचारून घ्या. व्यापाऱ्याची चोपडी दिवाळीला नवी होते, पंचांगातलं वर्ष चैत्रात बदलतं. 1934च्या उन्हाळ्यातला व्यवहार व्यापाऱ्याच्या वहीत संवत 1990 चा असेल आणि दुसऱ्या कागदावर 1991 चा. दोन्ही बरोबरच असतात. ठेकेदाराचं घराणं जुनं असेल तर उज्जैनला सिद्धवटाच्या पंड्यांकडे जाऊन या. मूळ गाव आणि जात सांगितली की वंशावळीची वही निघते, आणि कुटुंबातलं कोण कोणाचं होतं हा गुंता तिथे सुटतो.

दुकानातल्या वस्तू हातात घेऊन पाहा. एका गल्ल्याची सागवानी फळी मी पाहिली. तिच्यावर डाव्या हाताला खोटे रुपये खिळ्यांनी ठोकलेले होते, पुन्हा चलनात जाऊ नयेत म्हणून. एकावर सहावा जॉर्ज आणि 1942 साल. त्या काळात रुपयातली चांदी निम्म्यावर आणली होती आणि खोटी नाणी ओळखता यावीत म्हणून कडेला खास नक्षीची खाच होती. या रुपयाची कड गुळगुळीत. खिळा मारणाऱ्याने कडेवर अंगठा फिरवूनच तो पकडला असणार. म्हणजे ही फळी 1942 नंतरही वापरात होती आणि तिच्यामागे नाणं पारखणारा माणूस बसत होता. एवढंच म्हणता येतं. फळी 1942 ची आहे असं नाही. मापं असतील तर त्यांवरचे तपासणीचे ठसे भिंग लावून वाचा. लिटरची मापं दशमान पद्धतीबरोबर, 1956 च्या कायद्यानंतर आली, त्याआधीचं माप वेगळं दिसतं.

लिहिताना उधारीच्या वहीतली नावं गाळा. त्या माणसांची नातवंडं याच शहरात राहतात. भांडण, खटला, धाड याबद्दल फक्त कागदावर असेल तेवढंच लिहा. विक्रेत्याचं नाव मात्र घरच्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर, पूर्ण लिहा, आणि मोहल्ल्यातलं हाकेचं नावही. पुढे कोणी शोधत आलं तर ते हाकेच्या नावानेच शोधेल. हरकत असेल तर तो रकाना ‘नाव घरच्यांच्या इच्छेवरून दिलेलं नाही’ असं लिहून भरा. मोकळा ठेवू नका.

मजकूर झाला की आधी घरच्यांना वाचून दाखवा. मराठीत लिहिलात तर तिथल्या तिथे हिंदीत सांगत जा. वाचताना घरच्या बायका मधेच थांबवतील, ‘नहीं, वो तो काकाजी थे’ म्हणतील, तेव्हा पेन उघडं ठेवा. एक प्रत त्यांच्याकडे, एक शहरातल्या ग्रंथालयात, आणि फोटोंच्या मागे पेन्सिलीने, शाईने नव्हे, उभे आणि बसलेले कोण कोण ते डावीकडून उजवीकडे लिहून ठेवा.