बिटकॉइन मायनिंग कोकणात करताय? या चुका टाळा

मे महिन्यात कोणीतरी मुंबईहून जुनं अँटमायनर, म्हणजे बिटकॉइन काढायचं मशीन, घेऊन गावी येतं आणि मला वायरिंगला बोलावतं. बिलाचा हिशेब मात्र कोणीच केलेला नसतो.

सगळ्यात महाग चूक हीच. अँटमायनर एस१९ सुमारे ३२५० वॅट घेतं, म्हणजे दिवसाला ७८ युनिट, महिन्याला २३४०. घरगुती मीटरवर ५०० युनिटांपुढचा दर सर्वात चढा. हे मशीन सेकंदाला साधारण ९५ लाख कोटी हॅश, म्हणजे गणिताने निघणारे आकडे, काढतं आणि तरी प्रत्येक हॅश नुसता अंदाजच असतो. ठरलेल्या मर्यादेखालचा हॅश ज्याला आधी सापडेल, ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदीचं नवं पान, त्याचा आणि त्यामागचं बक्षीसही त्याचं. ब्लॉक दहा मिनिटांच्या आसपासच यावा म्हणून दर २०१६ ब्लॉकनंतर हॅश सापडण्याचं काठिण्य बदलतं. जगात मशीनं वाढली की कॉइन वाढत नाहीत, तुमचा वाटा घटतो. एप्रिल २०२४ पासून ब्लॉकमागचं बक्षीसही निम्मं झालंय, ३.१२५ बिटकॉइन. मी आधी बिल कागदावर मांडायला लावतो, मगच पक्कड हातात घेतो.

दुसरी चूक खाऱ्या हवेची. देवगडकडे एकाने आंब्याच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, मशीन ठेवलं, समुद्राकडच्या खिडकीशी, गार वारा मिळतो म्हणून. जोडलं घरातल्या साध्या सॉकेटला. १४ अँपिअर अखंड ओढल्यावर जूनमध्ये सॉकेट वितळून प्लगला चिकटलं. मग बिल कमी यावं म्हणून तो ते फक्त रात्री चालवू लागला. बंद मशीन थंड पडतं आणि दमट खारी हवा बोर्डावर बसते. गणपतीत मी उघडलं तर सोल्डरवर हिरवी पूड. एक हॅशबोर्ड, म्हणजे हॅश काढणारा बोर्ड, कायमचा गेला.

मी मीटरपासून वेगळी ४ चौरस मिमी तांब्याची वायर ओढतो, वेगळा एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि इंडस्ट्रियल सॉकेट लावतो, हवा जमिनीकडच्या बाजूने घेतो. पावसात चालवायचं नसेल तर मशीन सिलिका जेलसह हवाबंद डब्यात. ज्यांना संध्याकाळपर्यंत सुरू करायचं असतं, त्यांचं काम मी घेत नाही.

शेतीपंपाच्या मीटरवर जोडू नका. विद्युत कायदा २००३, कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. ग्राफिक कार्ड घेऊन इथर हे दुसरं कॉइन काढायचा विचार सोडा, ते मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्येच बंद झालं. कॉइन विकल्यावर नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्यातून वीजबिल वजा होत नाही.

विजा कडाडू लागल्या की प्लगसोबत इंटरनेटची वायरही काढा. झटका तिथूनही येतो आणि कंट्रोल बोर्ड जळतो.