व्हेपचं तापमान नियंत्रण: उपकरण निवडताना काय तपासावं

हा लेख आधीपासून सिगारेट ओढणाऱ्या आणि तिच्याऐवजी व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, वापरू पाहणाऱ्या प्रौढांसाठी आहे. जो धूम्रपान करत नाही त्याने व्हेपच्या वाटेला जाऊच नये. मुलांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर मुळीच नाही, कारण निकोटिनचं व्यसन लागतं आणि ते सहजी सुटत नाही. सिगारेट सोडायची असेल तर निकोटिनचे पॅच, च्युइंगम आणि डॉक्टरांचा सल्ला हा मार्ग आधी धरावा. कायदाही पाहून घ्या. भारतात 2019च्या कायद्याने ई-सिगारेटची निर्मिती, आयात, विक्री आणि साठवणूक बंद आहे, सिंगापूरमध्ये ती जवळ बाळगणंही गुन्हा आहे, तर युरोपीय संघात मर्यादा घालून विक्रीला परवानगी आहे.

एवढं पाहूनही उपकरण निवडायचंच असेल, तर रंग, आकार आणि वाफेचे लोट बाजूला ठेवून आधी तापमानाकडे पाहा.

आधी समजून घ्या: उष्णता कुठे बिघडते

व्हेपच्या आत एक तारेची कॉइल असते आणि तिच्याजवळ कापसाची वात. वातीत मुरलेलं लिक्विड तापून त्याची वाफ होते. हे लिक्विड मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचं असतं. पहिलं सुमारे 188 अंश सेल्सिअसला उकळतं, दुसरं 290 च्या आसपास. वात ओली असेपर्यंत लिक्विडच उष्णता ओढून घेतं, त्यामुळे कॉइल फार तापत नाही. वात कोरडी पडली की ती उष्णता कुठे जाणार? तारेचं तापमान क्षणात चढतं, कापूस करपतो आणि उरलेल्या लिक्विडचं विघटन होऊन फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅसिटल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन असे विषारी पदार्थ तयार होतात. घसा जाळणारा तो करपट झुरका म्हणजे हेच सगळं छातीत घेणं. तापमान नियंत्रणाचा खरा उपयोग हा झुरका टाळण्यासाठी आहे. त्याने व्हेप निरुपद्रवी होत नाही, हेही तितकंच खरं.

पायरी 1: कॉइलची तार कोणती ते विचारा

उपकरणात थर्मामीटर नसतो. तार तापली की तिचा रोध वाढतो, आणि त्या वाढीवरून उपकरण तापमानाचा अंदाज बांधतं. म्हणून तापल्यावर रोध बदलणारी तारच इथे चालते: निकेल, टायटॅनियम किंवा 316एल स्टेनलेस स्टील. कँथल या मिश्रधातूच्या तारेचा रोध तापूनही जवळजवळ तेवढाच राहतो, त्यामुळे कँथलच्या कॉइलवर तापमान नियंत्रण चालत नाही, मग पडद्यावर कोणताही आकडा दिसो.

माझी शिफारस स्टीलची आहे. निकेल आणि टायटॅनियमच्या तारा कापसाशिवाय लालबुंद तापवणं धोक्याचं असतं, आणि नवशिक्याच्या हातून ती चूक सहज होते. स्टीलची अडचण वेगळी आहे. 20 अंशांना 0.50 ओहम असलेली स्टीलची कॉइल 220 अंशांना जेमतेम 0.59 ओहमवर जाते, तर 0.10 ओहमची निकेलची कॉइल तेवढ्याच उष्णतेत 0.22 ओहम होते. स्टीलमधला बदल एवढा बारीक असल्यामुळे उपकरणाचं मोजमाप अचूक हवं. रोध दोन दशांश स्थळांपर्यंत तरी दाखवणारं, आणि तारेचा प्रकार किंवा तिचा टीसीआर गुणांक (तापमानाबरोबर रोध किती वाढतो ते सांगणारा आकडा) हाताने भरू देणारं उपकरण घ्या. स्टीलसाठी हा गुणांक साधारण 0.0009 असतो, पण कॉइल बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच भरा.

पायरी 2: थंड कॉइलवरच रोध नोंदवा

सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. नवी कॉइल बसवली की उपकरण तिचा त्या क्षणीचा रोध सामान्य तापमानाचा म्हणून धरतं आणि पुढचा सगळा हिशेब त्यावर करतं. वरच्याच कॉइलचं उदाहरण घेऊ. ती नुकतीच वापरलेली, 60 अंशांवर असताना बसवली तर रोध 0.518 ओहम भरतो. मग पडद्यावर 220 दिसत असताना तार प्रत्यक्षात 267 अंशांपर्यंत पोचलेली असते. तुम्हाला वाटतं आपण मर्यादेत आहोत, आणि कापूस मात्र करपत असतो.

म्हणून कॉइल बसवल्यावर किमान दहा मिनिटं थांबा, मग रोध नोंदवा आणि कुलूपबंद करा. ही 'रेझिस्टन्स लॉक'ची सोय नसलेलं उपकरण घेऊ नका. स्क्रू नीट आवळलेले आणि जोडाची जागा पुसलेली हवी. नोंद करताना जोड सैल असेल आणि नंतर तो घट्ट बसला, तर तिथेही तार ठरवल्यापेक्षा जास्त तापते.

पायरी 3: कापसाने खात्री करा

व्हेपच्या ज्या टाकीत (लिक्विड आणि कॉइल असलेल्या भागात) कॉइल स्वतः बांधता येते, तिथेच ही चाचणी जमते. लिक्विड न लावलेला कोरडा, स्वच्छ कापूस कॉइलमध्ये घाला, तापमान 200 अंशांवर ठेवा आणि दोन-तीन सेकंद बटण दाबा. झुरका घ्यायचा नाही. खिडकी उघडी असू द्या आणि जवळ जळण्यासारखं काही नको. कापूस पांढरा राहिला तर नियंत्रण काम करतंय. तो तपकिरी झाला किंवा धूर दिसला तर लगेच बटण सोडा. तारेचा प्रकार, गुणांक किंवा नोंदवलेला रोध यातलं काहीतरी चुकलेलं आहे. ते सापडेपर्यंत ते उपकरण वापरू नका. रोजच्या वापराला 190 ते 220 अंश पुरेसे होतात, आणि सुरुवात खालूनच करावी.

पायरी 4: बॅटरीचा हिशेब करा

सुट्या 18650 बॅटऱ्या (दंडगोल आकाराच्या लिथियम-आयन बॅटऱ्या) घालायच्या उपकरणात बॅटरी सतत किती अँपिअर देऊ शकते हे माहीत असलंच पाहिजे. 80 वॅटवर चालणाऱ्या एका बॅटरीच्या उपकरणात, व्होल्टेज 3.2 पर्यंत उतरलं की 25 अँपिअर प्रवाह ओढला जातो, वर सर्किटमधली घट वेगळी. 20 अँपिअरची बॅटरी तिथे कमी पडते आणि धोकादायक तापते. वेष्टणावरचे फुगवलेले आकडे धरू नका, मूळ उत्पादकाच्या माहितीपत्रकातला सतत प्रवाहाचा आकडा धरा. शॉर्ट सर्किट, उलटी बसवलेली बॅटरी, जास्त उष्णता आणि कमी व्होल्टेज या चारही गोष्टींपासून संरक्षण असायला हवं. यूएल 8139 ही या उपकरणांच्या विद्युत सुरक्षेची चाचणी आहे. तिचं प्रमाणपत्र असेल तर उत्तम. ज्यात सर्किटच नसतं ती मेकॅनिकल उपकरणं नवशिक्यांनी घेऊ नयेत. तिथे चुकीला माफी नाही, आणि अशा चुकांनी माणसं गंभीर भाजली आहेत.

बॅटरीचं प्लास्टिक आवरण फाटलं की ती वापरातून काढा. सुटी बॅटरी किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर खिशात टाकू नका, प्लास्टिकच्या डबीत ठेवा. रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. विमानात उपकरण हातातल्या सामानात न्या. चेक-इन बॅगेत ते नेण्यास मनाई आहे.

पायरी 5: लिक्विड माहितीतलंच घ्या

तापमान कितीही काटेकोर असलं तरी लिक्विडमधलं विष ते काढू शकत नाही. अमेरिकेत 2019 साली व्हेप ओढणाऱ्यांमध्ये सुरू झालेल्या फुप्फुसाच्या आजाराच्या साथीत फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यातले 68 मृत्यू. त्याचा ठळक संबंध गांजातील टीएचसीच्या लिक्विडमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटशी आढळला. त्यामुळे तेलकट, घरी मिसळलेलं किंवा घटक न लिहिलेलं लिक्विड नको. बाटली झाकण घट्ट लावून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. निकोटिनचं लिक्विड थोडं जरी पोटात गेलं तरी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

वापरताना खोकला, धाप, छातीत दुखणं किंवा ताप सुरू झाला तर व्हेप बंद करा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि काय ओढत होतो ते न लपवता सांगा. जमल्यास उरलेलं लिक्विडही सोबत न्या.